नाडी

पहिल्या फाटकापाशी इद्वल थांबला.
म्हणाला, ह्यूने यंदा मेंढ्यांना निळा ठिपका दिलाय वाटतं.
गेल्या वर्षीही निळाच होता.
मी म्हटलं, हो, निळाच.
त्याच्या छातीत कुणीतरी वाळू चाळत होतं.

दुसऱ्या फाटकापाशी त्याला भिंत बघायची होती.
चुन्यावाचून रचलेली, नुसत्या दगडांवर दगड,
त्यातला एक घरंगळून गवतात पडलेला.
तो जागी बसवायला पाच मिनिटं लागली.
पाच मिनिटं पुरतात.

पुढच्या चढावर बघण्यासारखं काहीच नव्हतं,
तेव्हा मी वाकले.
बुटाची नाडी, म्हटलं. सुटली.
सुटली नव्हती. मी सोडली
आणि परत बांधली, सावकाश,
जणू आज पहिल्यांदाच शिकते आहे.

आम्ही ल्हिन ओयरला चाललो होतो. म्हणजे थंड तळ्याला.
ल्ह म्हणताना जीभ टाळूला टेकवायची
आणि वारा गालाच्या कडेने जाऊ द्यायचा,
हे त्याने मला लग्नाच्या आठवड्यात शिकवलं होतं.
मी सपाट गावची, हलची,
तिथे इतका वारा तोंडात लागत नाही.

आनेरिन आता आबर्डीनला असतो,
समुद्रातल्या पवनचक्क्या दुरुस्त करतो,
घरी त्याच्या दुसरी कुणी आहे.
सह्या झाल्या, कपबश्या वाटल्या,
कुत्रा कुणाकडे हेसुद्धा वकिलाने विचारलं.
सासऱ्याचं विचारलं नाही.
माजी सासरा असा शब्द मला तरी सापडला नाही,
म्हणून मी इद्वल म्हणते,
आणि मेच्या शेवटच्या रविवारी थर्मास भरते.

खाणीपाशी तो बसला. इथे कारण शोधावं लागत नाही.
गंजलेला तार-दोर, छप्पर नसलेल्या खोल्या,
आणि पाटीच्या दगडाचे ढीग, डोंगराला लाजवणारे.
एकतीस वर्षं त्याने हा दगड चिरला
पुस्तकाची पानं उलगडावीत तसा.
कुठल्या कुठल्या गावांवर छपरं झाली त्याची,
कुणा पोरांच्या पाट्या झाल्या.
धूळ मात्र इथेच राहिली. इद्वलच्या आत
ती अजून काहीतरी गिरवते आहे,
पुसता न येणारं.

मनुक्यांचा पाव आम्ही लोणी लावून खाल्ला.
तो म्हणाला, तुझा पाव कोरडाच होतो.
मी म्हटलं, तुमच्या बायकोचीच कृती आहे.
तो म्हणाला, तिचाही कोरडाच व्हायचा.

वर पोचलो तेव्हा तळं नव्हतं.
धुकं काठोकाठ भरलेलं,
आणि बुटांपुढे हातभर काळं पाणी, बस्स.
एवढं चढून.
मी काही बोलणार, तोच त्याने खिशातून
पाटीची एक चपटी कपची काढली
(खालूनच आणली होती, लबाडाने)
आणि कमरेतून वाकून भिरकावली.

भाकऱ्या दिसल्या नाहीत. ऐकू आल्या.
एक. दोन. तीन, चार,
मग जवळजवळ लागलेल्या पाच-सहा-सात,
आणि मग
बुडाल्याचा आवाज आलाच नाही.
आम्ही थांबलो. त्याचा श्वाससुद्धा थांबल्यासारखा.
तो म्हणाला, पलीकडे पोचली.
मी म्हटलं, पोचली असणार.

उतरताना, भिंतीच्या जरा अलीकडे,
तो पुन्हा थांबला. मी सवयीने वाकू लागले.
थांब, तो म्हणाला,
आता खरी सुटलीय.

बघते तर खरंच. नाडी चिखलातून फरपटत होती.
तो दगडावर बसला, पाय इकडे कर म्हणाला,
आणि बोटं थरथरत असताना
खाणीत कड्यावर लोंबकळताना
कमरेच्या दोराला मारायचे ती गाठ मारली.
अकरा वेळा बांधलीस आज, तो म्हणाला,
एकदाही धड नाही.

रात्री ती सुटेना.
काट्याचं टोक घालून पाहिलं, दात लावले.
शेवटी पायच ओढून घेतला बुटातून.
बूट दाराशी आहे,
चिखल वाळलेला,
गाठ तशीच.